सिंकचा होस्ट सापडत नाही: काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

चवथीची सुट्टी संपून कार्यालयं उघडली की पहिल्या तासात मला येणारे फोन साधारण एकाच तऱ्हेचे असतात. विषय सिंकचा, म्हणजे दोन यंत्रांवरची फोल्डरं सारखी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. "सिंक लाल दाखवतंय, होस्ट मिळत नाही म्हणतंय." इथपर्यंत मी निवांत असतो. पोटात गोळा येतो तो पुढच्या वाक्यानं: "म्हणून आम्ही ती जोडी काढून परत घातली." जोडी म्हणजे सिंकमध्ये एकमेकांशी बांधलेली दोन फोल्डरं.

होस्ट न सापडणं ही फार छोटी अडचण आहे. केबल, पत्ता, पासवर्ड यांपैकी काहीतरी बिनसलेलं असतं आणि अर्ध्या तासात ते सुटतं. नुकसान होतं ते त्या अर्ध्या तासात घाईनं दाबलेल्या बटणांमुळे. न सापडलेल्या होस्टला सॉफ्टवेअर 'रिकामं फोल्डर' समजलं आणि तुम्ही त्याला होकार दिलात, की ते प्रामाणिकपणे दुसऱ्या बाजूच्या फायलीही पुसून टाकतं. त्यामुळे खालच्या पायऱ्यांत क्रमाला महत्त्व आहे. पाचवी पायरी तुम्हाला सोपी वाटते म्हणून तिच्यापासून सुरुवात करू नका.

लेखात 'होस्ट' म्हणजे फायली जिथं मुळात राहतात ते यंत्र: सर्व्हर, नॅस (जाळ्याला जोडलेली, फायली साठवायची पेटी), किंवा कोपऱ्यात कायम चालू असलेला जुना डेस्कटॉप. उदाहरणं फ्रीफाइलसिंक, आरसिंक आणि सिंकथिंग या तिघांची आहेत, कारण लहान कार्यालयांत मला हीच दिसतात. आज्ञा आणि फायलींची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे.

## तयारी: कपाटाच्या दाराआड चिकटवायचा कागद

बिघाडाच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ जातो तो "सर्व्हरचा पत्ता काय होता?" या प्रश्नात. तो कुणाच्या तरी मोबाइलमधल्या जुन्या फोटोत असतो आणि तो माणूस नेमका रजेवर असतो. म्हणून सगळं सुरळीत चालू असताना एक कागद तयार करा. त्यावर एवढं हवं:

- होस्टचं नाव, त्याचा आयपी पत्ता (जाळ्यातला क्रमांक, हा बदलू शकतो) आणि मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक)
- शेअरचा पूर्ण मार्ग, आणि कोणत्या खात्यानं लॉगिन होतं (पासवर्ड कागदावर नको)
- सिंकची दिशा: एकतर्फी की दुतर्फी
- पुसलेल्या फायली कुठं जातात: रीसायकल बिन, आवृत्त्यांचं फोल्डर, की कायमच्या
- वापरातला पोर्ट, म्हणजे होस्टवरच्या त्या सेवेच्या दाराचा क्रमांक. विंडोज शेअर ४४५, एसएसएचवरून (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी) आरसिंक किंवा एसएफटीपी २२, आरसिंकची स्वतःची सेवा ८७३. सिंकथिंगला २२००० टीसीपी आणि यूडीपी (माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्ही, त्याच जाळ्यातली यंत्रं शोधायला २१०२७ यूडीपी.

दुसरी तयारी म्हणजे पत्ता पक्का करणं. राउटरमध्ये होस्टच्या मॅक पत्त्यावर आयपी राखून ठेवायची सोय असते, ती वापरा. काही जण होस्टवरच हातानं पत्ता घालतात, तेही चालेल. पण मग तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या टप्प्याबाहेरचा हवा. राउटर पत्त्याचा शेवटचा आकडा १०० ते २०० असे वाटत असेल आणि तुम्ही होस्टला १०५ दिलात, तर आज ना उद्या कुणाचातरी फोन १०५ घेऊन बसणार आणि होस्ट कधी सापडेल, कधी नाही. असा अधूनमधून येणारा बिघाड शोधण्यात माझे दोन पूर्ण दिवस गेले आहेत.

तिसरी तयारी मी 'साक्षीदार' म्हणतो. सिंक होणाऱ्या प्रत्येक मूळ फोल्डरात एक छोटी फाइल ठेवा, नाव काहीही, समजा 'इथेच आहे'. ती कुणी पुसायची नाही. तिचा उपयोग आठव्या पायरीत.

तपासा: सिंकच्या बाहेर एक तरी प्रत आहे का? सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका बाजूला चुकून पुसलेलं दुसऱ्या बाजूलाही पुसलं जाणं हेच तर त्याचं काम आहे.

## १. आधी सिंक थांबवा, दोन्ही बाजूंनी

लाल खूण दिसली की पहिलं काम दुरुस्तीचं नाही, थांबवण्याचं. फ्रीफाइलसिंकबरोबर रिअलटाइमसिंक चालू असेल तर घड्याळाशेजारच्या त्याच्या चिन्हावरून ते बंद करा. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये काम लावलं असेल तर ते 'डिसेबल' करा. सिंकथिंगमध्ये फोल्डर 'पॉज' करा. लिनक्सवर क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी चालायच्या कामांची यादी) ओळीपुढे हॅशची खूण घाला.

का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. फोंड्याकडच्या एका देवस्थानाच्या कार्यालयात जुन्या वह्यांचे स्कॅन एका लिनक्स यंत्राला लावलेल्या बाहेरच्या डिस्कवर होते. रोज रात्री आरसिंक ते दुसऱ्या यंत्रावर उतरवायचं, 'डिलीट' पर्यायासकट. डिस्क नसली तरी यंत्र सुरू व्हावं म्हणून मीच मोठ्या हुशारीनं माउंटच्या (डिस्क जोडण्याच्या) नोंदीत 'नोफेल' लिहिलं होतं. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात वीज गेली, आली; यंत्र उठलं, पण डिस्कचा वेगळा अडॅप्टर सैल झाल्यामुळे डिस्क उठलीच नाही. डिस्क जिथं जोडली जाते ते फोल्डर मात्र जागेवर होतं, रिकामं. संध्याकाळी मला फोन आला, "स्कॅन दिसत नाहीत." मी म्हटलं, उद्या सकाळी येतो. सिंक थांबवा असं म्हणायचं सुचलं नाही. रात्री ठरल्या वेळी आरसिंक चाललं, मूळ जागा रिकामी दिसली, म्हणून प्रत असलेली जागाही रिकामी करून मोकळं झालं. त्याच्या दृष्टीनं कुठलीच चूक घडली नव्हती. वाचताना त्रुटी आली तर आरसिंक पुसणं थांबवतं. रिकामं फोल्डर ही त्रुटी नाही.

डिस्क शाबूत होती म्हणून निभावलं. सगळे स्कॅन परत उतरवायला दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस त्या स्कॅनची एकच प्रत जगात होती. त्या दोन रात्री मला झोप कशी लागली असेल ते विचारू नका.

थांबवून झालं की कार्यालयातल्या माणसांना विचारा: आज कुणी कुठल्या फायलीत काम केलं? नावं लिहून घ्या. होस्ट बंद असताना दोघांनी दोन बाजूंना एकच हिशोबाची फाइल बदललेली असते आणि ते शेवटी कळतं.

इशारा: "फोल्डर सापडले नाहीत" अशी चौकट आली तर 'दुर्लक्ष करा' दाबू नका. फ्रीफाइलसिंकच्या जुन्या आवृत्त्यांत त्याच चौकटीत लिहिलेलं असायचं की दुर्लक्ष केलंत तर ते फोल्डर रिकामे समजले जातील. बारीक अक्षरांत होतं, पण होतं. 'रद्द करा' दाबा.

इशारा: जोडी काढून परत घालू नका, सॉफ्टवेअर काढून परत टाकू नका. दुतर्फी सिंकला मागच्या वेळची स्थिती लक्षात ठेवावी लागते. फ्रीफाइलसिंक ती दोन्ही फोल्डरांत लपवलेल्या छोट्या डेटाबेस फाइलमध्ये ठेवतं, सिंकथिंग स्वतःच्या डेटाबेसमध्ये. ही स्मृती गेली की कुठली फाइल नवी आणि कुठली दुसरीकडे मुद्दाम पुसलेली, हे त्याला ओळखता येत नाही. मग गेल्या वर्षी पुसलेल्या फायली भुतासारख्या परत येतात.

## २. संदेश शब्दशः लिहून घ्या

"काहीतरी कनेक्शनचं म्हणतंय" यातून काही हाती लागत नाही. पडद्याचा फोटो काढा किंवा लॉगमधली ओळ उतरवून घ्या. संपर्क तुटल्याचे संदेश चार घराण्यांचे असतात आणि प्रत्येक घराणं वेगळ्या पायरीकडे पाठवतं.

*नाव सापडत नाही.* सॉफ्टवेअरला होस्टचा पत्ताच कळलेला नाही. पाचवी पायरी.

*वेळ संपला,* म्हणजे टाइमआउट. हाक मारली, कुणी 'ओ' दिली नाही. यंत्र बंद आहे, केबल तुटली आहे, पत्ता बदलला आहे, किंवा फायरवॉल हाक गिळून टाकते आहे. तिसरीपासून क्रमानं जा.

*जोडणी नाकारली.* ही तशी चांगली बातमी. त्या पत्त्यावर कुणीतरी जागं आहे, फक्त त्या पोर्टवर सेवा चालू नाही. केबल हलवत बसू नका. पण ते 'कुणीतरी' आपलंच यंत्र आहे ना, हे चौथ्या पायरीत बघून मग सहावीकडे जा.

*प्रवेश नाही* किंवा *चुकीचा पासवर्ड.* जाळं उत्तम चाललं आहे, अडचण खात्याची आहे. सातवी पायरी.

विंडोज कधी नुसते आकडे देतं. ५३ म्हणजे नेटवर्कचा मार्ग सापडला नाही, ६४ म्हणजे चालू असलेली जोडणी मध्येच तुटली, १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक, ५ म्हणजे परवानगी नाही. आरसिंकचे शेवटचे आकडेही बोलके असतात: ३० म्हणजे पाठवता-घेताना वेळ संपला, ३५ म्हणजे आरसिंकच्या सेवेशी जोडणी होईपर्यंतच वेळ संपला, २३ म्हणजे काही फायली गेल्या आणि काही राहिल्या. १२ आला तर बहुतेकदा मधली जोडणी तुटलेली असते किंवा पलीकडचं आरसिंक सुरूच झालेलं नसतं. २५५ आला तर एसएसएच पडलं आहे, आरसिंकला दोष देऊ नका.

## ३. वीज, दिवे, वायर

ही पायरी सगळे गाळतात, कारण ती वाकून टेबलाखाली शिरून करायची असते.

होस्ट खरंच चालू आहे का? पडदा काळा म्हणजे यंत्र बंद असं नाही, आणि पंखा फिरतोय म्हणजे ते उठलं आहे असंही नाही. स्लीपमध्ये गेलेला डेस्कटॉप हा तर नेहमीचाच आरोपी. होस्टवर स्लीप कायमचं बंद ठेवा.

मग स्विचकडे या. होस्टच्या आणि तुमच्या केबलचे दिवे लागले आहेत का? आपल्याकडे अनेक कार्यालयांत राउटर इन्व्हर्टरवर असतो आणि स्विच साध्या प्लगवर. वीज गेली की वायफाय चालू, इंटरनेट चालू, फोनवर सगळं छान, फक्त सर्व्हर गायब. लोक तासभर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून बसतात आणि उत्तर प्लगमध्ये असतं.

किनाऱ्याजवळच्या इमारतींत खारी, दमट हवा केबलच्या टोकाच्या पत्र्यांवर काम करते. केबल काढून टोक उजेडात धरा. पत्रे काळपट किंवा हिरवट दिसले तर ते पुसत बसू नका, टोक बदला. पावसाळ्यात स्विचच्या डब्यात पाली आणि मुंग्या आसरा घेतात, हे गोव्याबाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. मी उघडून पाहतो.

तपासा: गती गिगाबिटची असायला हवी तिथं १०० एमबीपीएस दाखवतेय का? गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. गती उतरली तर बहुधा एखादी जोडी तुटली आहे आणि मोठ्या फायली मध्येच अडकण्याचं कारण तेच असू शकतं.

सगळंच बंद करून सुरू करायचं असेल तर क्रम असा: राउटर, मग स्विच, दोन-तीन मिनिटं थांबून होस्ट, तो पूर्ण उठल्यावर बाकीची यंत्रं. चवथीनंतर मेन स्विच एकदम वर ओढला की सगळी यंत्रं राउटरच्या आधी जागी होतात आणि पुढची पायरी ओढवते.

## ४. पत्ता बरोबर आहे का

होस्टवर बसून 'आयपीकॉन्फिग' द्या (लिनक्सवर 'आयपी ए'). दिसणारा पत्ता कागदावरच्या पत्त्याशी ताडून पाहा.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि यंत्रानं स्वतःच एक घेतला आहे. राउटर चालू आहे याची खात्री करून केबल काढून परत लावा, किंवा 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' द्या.

पत्ता वेगळाच असेल तर तो राखून ठेवलेला नव्हता. म्हापशातल्या एका फोटो स्टुडिओतली गोष्ट. सुट्टीनंतर नॅस सापडत नव्हता. मालक म्हणाले, "पण पिंग केलं तर उत्तर येतंय की." (पिंग म्हणजे पत्त्याला नुसती हाक मारून 'ओ' येते का पाहणं.) खरंच येत होतं: १९२.१६८.१.१० वरून, चारही वेळा. मी ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडला तर समोर शाईच्या टाक्यांची चित्रं. दहा नंबर प्रिंटरनं घेतला होता, कारण तो आधी जागा झाला. नॅस बिचारा चौदावर जाऊन बसला होता. पिंगला उत्तर देणारा कोण आहे हे पिंग सांगत नाही.

म्हणून पिंगनंतर लगेच 'एआरपी -ए' द्या आणि त्या पत्त्यापुढचा मॅक कागदावरच्या मॅकशी जुळवा. जुळला तरच पुढं.

हेही पाहा: तुमचं यंत्र पाहुण्यांच्या वायफायवर तर नाही ना? हॉटेलं आणि होमस्टे यांच्या कार्यालयांत हे सर्रास होतं. पाहुण्यांच्या जाळ्यातून आतली यंत्रं दिसू नयेत अशीच व्यवस्था असते.

## ५. नाव

शेअर नावाऐवजी थेट पत्त्यानं उघडून पाहा. पत्त्यानं उघडला आणि नावानं नाही, तर अडचण फक्त नावाची आहे. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' द्या आणि परत पाहा.

एक गोम: 'एनएसलुकअप' नं नाव सापडलं नाही म्हणून घाबरू नका. लहान कार्यालयात यंत्रांची नावं बऱ्याचदा डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) येतच नाहीत, यंत्रं एकमेकांना हाळी देऊन ओळखतात. एनएसलुकअप मात्र डीएनएसलाच विचारतं.

नाव वारंवार दगा देत असेल तर सिंकच्या मांडणीत पत्ताच वापरा. पण तो पक्का केल्यावरच, आणि लॉगिन परत द्यावं लागेल हे धरून. विंडोजच्या दृष्टीनं नाव आणि पत्ता हे दोन वेगळे होस्ट आहेत.

## ६. पोर्ट आणि फायरवॉल

पिंग यशस्वी म्हणजे सिंक चालेल असं नाही. पिंग अयशस्वी म्हणजे होस्ट बंद असंही नाही, विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगच अडवते. खरी चाचणी त्या पोर्टची. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', पुढं पत्ता, मग '-पोर्ट' आणि आकडा. लिनक्सवर 'एनसी -झेडव्ही', पत्ता, आकडा. ही चाचणी टीसीपीपुरतीच, हे सिंकथिंगच्या यूडीपी पोर्टांबाबत लक्षात ठेवा.

पोर्ट बंद आढळला तर होस्टवर दोन गोष्टी पाहा. सेवा चालू आहे का? आणि विंडोजनं नेटवर्क 'पब्लिक' तर धरलेलं नाही? राउटर बदलला की विंडोजला ते नवं जाळं वाटतं आणि ते फायलींची देवाणघेवाण बंद करून बसतं. ते 'प्रायव्हेट' करा.

इशारा: फायरवॉल पूर्ण बंद करून "चाललं!" म्हणू नका. चाचणीपुरती म्हणून बंद केलेली फायरवॉल कुणी परत चालू केल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

पणजीचं कार्यालय आणि साखळीचं घर अशी दोन ठिकाणं सिंकथिंगनं जोडली असतील तर थोडं वेगळं. राउटरवर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात दिसला तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. मग राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग नाही, बाहेरची हाक तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. थेट जोडणी जुळली नाही तर सिंकथिंग रिलेवरून, म्हणजे मधल्या तिसऱ्या सर्व्हरमार्फत, जातं. ते हळू असतं, बिघडलेलं नसतं. डिव्हाइसच्या माहितीत जोडणीचा प्रकार दिसतो. तिथं 'रिले' असेल आणि फायली सरकत असतील तर हात लावू नका.

## ७. खातं आणि घड्याळ

पासवर्ड कुणी बदलला का, विचारा. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना साठवलेला असतो. तो काढून नवा द्या. सिंकला तोच चुकीचा पासवर्ड घेऊन दर मिनिटाला धडका मारू दिल्यात तर खातं कुलूपबंद होऊ शकतं.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर जुना नॅस अचानक दिसेनासा झाला असेल, तर कारण बहुधा असं: या आवृत्तीत शेअरच्या जोडणीला डिजिटल सही सक्तीची झाली आणि प्रो आवृत्तीत पासवर्डविना पाहुणा म्हणून शिरणं बंद झालं. नॅसवर खरं खातं तयार करा, त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा.

एसएसएचनं "होस्टची ओळख बदलली आहे" असं ओरडून सांगितलं तर जुनी नोंद पुसून पुढं जाऊ नका. आधी चौथ्या पायरीतला प्रिंटर आठवा. त्या पत्त्यावर दुसरंच यंत्र असू शकतं.

आणि घड्याळ. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. यंत्र उठतं ते भलत्याच वर्षात. मग सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अमान्य ठरतात, आणि 'नवी फाइल जिंकते' या नियमानं जुनी फाइल नवीवर बसू शकते. सिंक सुरू करण्यापूर्वी दोन्ही यंत्रांची तारीख डोळ्यांनी पाहा. बॅटरीचा क्रमांक बहुतेकदा सीआर२०३२.

## ८. होस्ट मिळाला, पण फोल्डर तेच आहे का

इथंच लोक घाई करतात. जोडणी झाली, हिरवं दिसलं, चालू केलं! थांबा. होस्टवरचं फोल्डर उघडा आणि साक्षीदार फाइल शोधा. ती नसेल तर तुम्ही रिकाम्या खोलीत उभे आहात: डिस्क जोडली गेलेली नाही, किंवा मार्ग चुकला आहे.

लिनक्सवर 'माउंटपॉइंट' ही आज्ञा डिस्क खरंच जोडलेली आहे की नाही ते सांगते. सिंकथिंग स्वतःचा साक्षीदार ठेवतं, 'एसटीफोल्डर' नावाचं, टिंबानं सुरू होणारं लपलेलं फोल्डर. ते नसेल तर "फोल्डरची खूण सापडत नाही" म्हणून थांबतं. त्यावर उपाय म्हणून ते फोल्डर हातानं तयार करणारे महाभाग आहेत. खूण नाही कारण डिस्क नाही. खूण बनवलीत तर सिंकथिंगला सगळ्या फायली पुसल्या गेल्या आहेत असं वाटेल आणि ते ही वार्ता सगळ्या यंत्रांना कळवेल.

विंडोजवर आणखी एक सापळा. झेड ड्राइव्ह तुम्हाला दिसतो, पण टास्क शेड्यूलरमधलं काम वेगळ्या सत्रात चालतं तेव्हा त्याला तो दिसत नाही. हातानं चालवलं की चालतं, रात्री आपोआप मात्र पडतं, अशी तक्रार असेल तर ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण मार्ग द्या.

## ९. कोरडी फेरी, मग खरी

फ्रीफाइलसिंकमध्ये फक्त 'तुलना' करा, 'सिंक' नको. आरसिंकला '-एन' आणि '-व्ही' जोडा, म्हणजे ते काही न बदलता नुसती यादी दाखवेल. आता काय कॉपी होणार हे नंतर पाहा, आधी *काय पुसलं जाणार* ते मोजा.

माझा साधा नियम: रोज पाच-दहा फायली पुसल्या जात असतील आणि आज यादीत पाचशे दिसत असतील, तर आठव्या पायरीवर परत जा. आरसिंकला 'मॅक्स-डिलीट' देऊन ही मर्यादा कायमची घालता येते. माझ्या देवस्थानाच्या यंत्रावर ती आता ५० आहे.

यादी पटली की एका लहान फोल्डरापासून सुरुवात करा. दोन्हीकडे बदललेल्या फायली आता समोर येतील. पहिल्या पायरीत लिहून घेतलेली नावं काढा आणि ज्यानं काम केलं त्याच्याकडून फाइल निवडून घ्या. तुम्ही स्वतः ठरवू नका. सिंकथिंग हरलेली प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असं नाव देऊन ठेवतं, ती शोधून दाखवा.

अर्धवट उतरलेल्या तात्पुरत्या फायली पडलेल्या दिसतील. एक फेरी नीट पूर्ण होईपर्यंत त्यांना हात नको. कुलूप-फाइल अडवत असेल तर ती पुसण्याआधी दुसऱ्या यंत्रावर तेच काम चालू नाही ना, एवढं पाहा.

इशारा: शेअरवरून पुसलेली फाइल सहसा तुमच्या यंत्राच्या रीसायकल बिनमध्ये येत नाही. "बिनमधून काढू" हा भरवसा इथं चालत नाही. आवृत्त्या ठेवण्याचा पर्याय आधीच चालू असायला हवा.

## १०. पुढच्या वेळेसाठी: किती वेळा हाक मारायची

प्रत्येक अपयशावर लगेच परत प्रयत्न करणं चूक, आणि एकदा पडलं की सोडून देणं हीसुद्धा चूकच. वेळ संपला, जोडणी तुटली, अशा त्रुटींवर परत प्रयत्न करा, पण अंतर वाढवत: एक मिनिट, दोन, चार, आठ. राउटर उठायला तेवढा वेळ लागतोच. पासवर्ड चूक, परवानगी नाही, साक्षीदार नाही, यांवर एकदाही परत प्रयत्न नको. थेट माणसाला कळवा.

आरसिंकला 'टाइमआउट' सांगितला नाही तर तो मुळात शून्य असतो, म्हणजे कितीही वेळ वाट पाहणार. ६० सेकंद द्या. एसएसएचवरून जात असाल तर 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' १५ आणि 'सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स' ३ ठेवा. पंचेचाळीस सेकंदांत मेलेली जोडणी ओळखली जाते. मोठ्या फायलींसाठी 'पार्शल' हवाच, नाहीतर चार जीबीचा व्हिडिओ प्रत्येक वेळी पहिल्यापासून. फ्रीफाइलसिंकमध्ये आपोआप परत प्रयत्न करण्याची संख्या आणि मधलं अंतर देता येतं, तेही भरा.

आधीची फेरी अडकलेली असताना दुसरी सुरू होऊ देऊ नका. लिनक्सवर 'एफलॉक', आणि टास्क शेड्यूलरमध्ये 'आधीचं चालू असेल तर नवं सुरू करू नका' हा पर्याय.

निरोपाची व्यवस्था उलटी लावा. "सिंक पडलं" असा मेल पाठवायची जबाबदारी पडलेल्या यंत्रावर टाकली तर ते पाठवणार कसं? दुसऱ्या यंत्रावरून रोज सकाळी शेवटच्या यशस्वी फेरीची वेळ तपासा आणि ती छत्तीस तासांहून जुनी असेल तर ओरडा.

शेवटी चाचणी, आणि ती मेच्या अखेरीस, पावसाच्या आधी. एक मोठी नकली फाइल सिंकला लावा, अर्ध्यावर असताना होस्टची केबल ओढा. संदेश किती सेकंदांत आला ते घड्याळावर पाहा आणि कागदावर लिहा. पाच मिनिटांनी केबल लावा; फाइल जिथं थांबली तिथून पुढं सरकते का पाहा, दोन्ही बाजूंचा आकार जुळवा. मग केबल परत ओढा, होस्टचा पत्ता दुसऱ्या यंत्राला द्या आणि पाहा तुमचं सिंक प्रिंटरशी बोलायला जातं की साक्षीदार नाही म्हणून थांबतं.